शिष्यवृत्तीच्या मुलांना जबाबदारी द्या

हुशार पण गरीब मुलाला शिष्यवृत्ती मिळाली की घरच्यांना वाटते, आता काळजी मिटली. फीची काळजी मिटते हे खरे. परंतु चार लोकांत उभे राहून बोलण्याचे, दहा जणांना बरोबर घेऊन काम करण्याचे बळ शिष्यवृत्तीबरोबर आपोआप येत नाही. ते कसे येते?

आमच्या कॉलेजच्या कार्यालयात एक जाळीची खिडकी होती. तिच्यामागे शिष्यवृत्तीचे काम पाहणारे कारकून बसत. भारत सरकारची शिष्यवृत्ती, जिला आम्ही मुले ‘जीओआय’ म्हणत असू, त्या वर्षी दिवाळी उलटून गेली तरी आली नव्हती. मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकले होते. रोज कोणी ना कोणी त्या खिडकीशी जाई आणि हळूच विचारी, ‘‘साहेब, आमचं काही आलं का?’’ आतून उत्तर येई, ‘‘आलं की बोर्डावर लावू.’’ मुलगा मान खाली घालून परत येई.

आम्ही चाळीस जण होतो. चाळिसांचीही अडचण एकच होती. पण प्रत्येक जण एकटा जाई आणि एकटाच परते. आपली ओढाताण दुसऱ्याला कळू नये म्हणून खिडकीशी गर्दी नसलेली वेळही आम्ही हेरून ठेवलेली असे. माझ्या खोलीतला मित्र गणितात वर्गात पहिला होता. डिसेंबरात तो गावी गेला, तो परत आलाच नाही. फेब्रुवारीत शिष्यवृत्ती आली. बोर्डावरच्या यादीत त्याचेही नाव होते. पैसे घ्यायला तो नव्हता.

पुढे कळले की अडचण अगदी साधी होती. कॉलेजातून गेलेल्या अर्जांपैकी काहींना उत्पन्नाचे दाखले जोडायचे राहिले होते. त्यामुळे सगळी यादीच वरच्या कार्यालयात पडून होती. आमच्यापैकी एकाने जरी सर्वांना एकत्र बसवले असते, एक अर्ज लिहून पाच जणांनी तो प्राचार्यांकडे नेला असता, तर आठ दिवसांत उलगडा झाला असता. पण तसे करणारा एकही जण आमच्यात नव्हता. चाळीस हुशार मुले होती, सगळी पहिल्या वर्गात पास होणारी!

नेतृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हार, व्यासपीठ आणि भाषण येते. मला मात्र ती खिडकी आठवते. माझी एकट्याची अडचण ही आपल्या सगळ्यांची अडचण आहे हे ज्याला दिसते, आणि ती सोडवण्यासाठी जो चार जणांना गोळा करतो, तो नेता. पुढे मी स्वतः प्राध्यापक झालो. काही वर्षे वसतिगृहाचे कामही पाहिले. त्या साऱ्या अनुभवावरून सांगतो, ही गोष्ट शिकवता येते. मात्र व्याख्यानाने नव्हे, जबाबदारी देऊन.

हुशार मुले गप्प का बसतात?

शिष्यवृत्तीवर शिकणारा मुलगा वर्गात सहसा मागच्या बाकावर नसतो, पण तो पुढेही होत नाही. त्याची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही.

पहिले कारण म्हणजे मनावरचे ओझे. आपण दुसऱ्याच्या पैशावर शिकतो आहोत, तेव्हा तोंड उघडणे म्हणजे कृतघ्नपणा, असे त्याला वाटत असते. दुसरे कारण भीती. गुण घसरले, हजेरी कमी पडली, कुणा साहेबांची मर्जी गेली तर शिष्यवृत्ती बंद होईल, ही धास्ती. तिसरे कारण भाषा. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरातल्या मुलांचे फर्डे इंग्रजी ऐकून घाम फुटतो. बडोदे, इंदूर, हैदराबाद किंवा दिल्लीत शिकायला गेलेल्या मराठी मुलाला तर बाजारातही परकी भाषा बोलावी लागते. आणि चौथे कारण आपण पालक. घरून येणाऱ्या प्रत्येक निरोपात एक वाक्य असतेच : ‘‘आपण बरं, आपला अभ्यास बरा.’’

गुण आणि नेतृत्व या दोन गोष्टींची गल्लत केवळ घरातच होते असेही नाही. महाराष्ट्रात १९९४च्या विद्यापीठ कायद्याने वर्गाचा प्रतिनिधी निवडणुकीने न ठरवता आदल्या परीक्षेतल्या गुणवत्तेवरून नेमण्याची पद्धत आणली. निवडणुकांतल्या हाणामाऱ्यांना लोक कंटाळले होते हे खरे. तरीही ज्याला सर्वांत जास्त गुण, तोच सर्वांचा प्रतिनिधी, हे गणित चुकीचेच होते. ज्याला वर्गाने निवडलेच नाही, त्याला वर्गाची अडचण विचारायची सवय कशी लागणार? २०१६च्या नव्या कायद्यात निवडणुकीची तरतूद पुन्हा करावी लागली.

परदेशातल्या काही नामवंत शिष्यवृत्त्या विद्यार्थी निवडतानाच नेतृत्वगुण पाहतात. ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती घ्या. १९०२ साली मृत्यू पावलेल्या सेसिल ऱ्होड्सच्या मृत्युपत्रातून ती निघाली. तिथे नुसता पुस्तकी किडा नको, चारित्र्य आणि पुढाकार हवा, अशी अट सुरुवातीपासून आहे. पण पुढाकार दाखवण्याची संधी ज्याला आधी मिळाली, त्याच्यातच तो दिसणार. ज्याच्या शाळेत ना वादविवाद स्पर्धा, ना संघ, ना सहल, त्या मुलाचे काय? त्याच्या बाबतीत नेतृत्व निवडायचे नसते, घडवायचे असते.

मेसची वही

मित्र गेला त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या वसतिगृहाच्या रेक्टरांनी मला मेस सेक्रेटरी केले. मी नको म्हणालो. अभ्यासाचे कारण पुढे केले. ते हसून म्हणाले, ‘‘तुला हिशेब करता येतो. लोकांसमोर हिशेब देता येत नाही. तेवढ्यासाठीच हे काम घे.’’

पहाटे मंडईत जायचे, किराणा भरायचा, आचाऱ्याला सांभाळायचे, रोजचा खर्च वहीत लिहायचा आणि महिनाअखेर माणशी किती पडले ते सांगायचे. पहिल्याच महिन्यात बिल नेहमीपेक्षा जास्त आले. मुलांनी गलका केला. हिशेबात दोनशे चौदा रुपयांचा मेळ बसत नव्हता. पदरचे भरावे तर खिशात काही नव्हते. मी रेक्टरांकडे गेलो. वाटले, ते सांभाळून घेतील. ते एवढेच म्हणाले, ‘‘जेवणघरात बस, वही उघड आणि सगळ्यांसमोर वाच.’’

मी वाचायला लागलो तेव्हा आवाज कापत होता. तिसऱ्या आठवड्याच्या नोंदी ऐकून पहिल्या वर्षाचा एक मुलगा, ज्याचे तोपर्यंत मला नावही धड माहीत नव्हते, म्हणाला, ‘‘पाहुण्यांची ताटं कुठं लिहिलीत?’’ लिहिलीच नव्हती! गावाकडून कुणाचा भाऊ येई, कुणाचे वडील येत, दोन वेळा जेवून जात. त्यांचे पैसे कुणी दिले, कुणी दिले नाहीत. त्याच रात्री पाहुण्यांसाठी वेगळी वही झाली आणि ती त्याच मुलाकडे दिली. पुढच्या महिन्यात मेळ बसला.

त्या एका रात्रीत मी जे शिकलो ते कुठल्याही शिबिरात मिळाले नसते. ‘‘माझी चूक झाली,’’ हे साठ जणांसमोर म्हणता आले. सर्वांत लहान मुलाचे ऐकावे लागते हे कळले. आणि भांडण मिटवायचे तर माणसांवर चिडण्याऐवजी पद्धत बदलावी, हेही कळले. सहा महिन्यांनी वही दुसऱ्याच्या हातात द्यायची असे ठरलेले होते. आपल्यानंतरच्या माणसाला काम शिकवून बाजूला होणे, हा बहुधा सर्वांत अवघड धडा होता. वही देताना मला जरा वाईटच वाटले होते!

आपल्याकडची जुनी परंपरा

रेक्टरांनी जे केले ते काही नवे नव्हते. महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी हा मार्ग मोठ्या प्रमाणावर चोखाळला गेला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्याला भेट दिली.

भाऊरावांकडे पैसा नव्हता. मुलांना जेवू घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु भाऊरावांनी गरिबीतून एक पद्धत तयार केली. मुलांनीच पाणी भरायचे, दळायचे, स्वयंपाक करायचा, शेतात राबायचे. मराठा, महार, जैन, मुसलमान मुले एकाच पंक्तीला बसायची. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीदच होते. १९४७ साली साताऱ्याला निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात हीच पद्धत ‘कमवा आणि शिका’ म्हणून उच्च शिक्षणात आली. पुढे विद्यापीठांनीही ती स्वीकारली. पुणे विद्यापीठातली ही योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते.

यामागचे इंगित ध्यानात घेण्यासारखे आहे. मुलाने स्वतःच्या घामाचे काही घातले की आपण कुणाचे मिंधे आहोत ही भावना निघून जाते. मिंधेपणा गेला की मान वर होते, आणि मान वर झाल्यावरच आवाज फुटतो. भाऊरावांच्या वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ते काही एका रात्रीत नव्हे.

पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीनेही ग्रामीण भागातल्या गरीब मुलामुलींना निवारा देताना वसतिगृहाच्या कामात त्यांना सहभागी करून घेतले. फुकट जेवण देण्यापेक्षा हे अवघड काम आहे. मुलांकडून काम करून घेताना नोकर ठेवल्यासारखे राबवणे आणि जबाबदारी सोपवणे यांतला फरक सांभाळावा लागतो. नुसती झाडलोट करून घेतली तर झाडलोटच शिकली जाते. झाडलोटीची पाळी कोणी, कशी लावायची हेही मुलांनी ठरवले, तर कारभार शिकला जातो.

साडेअकरा पौंडांचे चीज

शिष्यवृत्तीतून उभ्या राहिलेल्या नेतृत्वाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले तेव्हा जातीमुळे त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. पारशी खाणावळीत आसरा घेतला, तिथूनही निघावे लागले. इतका शिकलेला माणूस रस्त्यावर आला.

हा अपमान गिळून ते मुंबईत गप्प बसू शकले असते. पदव्या होत्या, प्राध्यापकी मिळाली, पुढे वकिलीही चालली. पण त्यांनी माझे दुःख हे माझ्या साऱ्या लोकांचे दुःख आहे, असे मानले. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या पहिल्या कामांपैकी एक कोणते? १९२५ च्या आरंभी सोलापुरात काढलेले विद्यार्थी वसतिगृह! शिवाय सभेच्या आश्रयाने मुले ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक काढीत. मुलांनी नुसते राहायचे आणि शिकायचे नव्हते, लिहायचे आणि मांडायचेही होते. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले तेव्हा तिथे विद्यार्थ्यांची संसद भरू लागली. स्वतः बाबासाहेबही तिच्यात बोलले.

ज्या शिष्यवृत्तीसाठी आम्ही त्या खिडकीशी उभे राहत होतो, ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाने मागून येणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवायचे असते, हे आम्हाला खिडकीशी उभे असताना कुणी सांगितले असते तर किती बरे झाले असते!

आज काय करता येईल?

आता ती जाळीची खिडकी फारशी उरली नाही. अर्ज संगणकावर भरायचे असतात. महाराष्ट्रात त्यासाठी ‘महाडीबीटी’ आहे, केंद्राचे राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळ आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत साठ टक्के वाटा उचलण्याचे आणि तो थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याचे ठरवले. चांगली सुधारणा आहे. परंतु खिडकी गेली तरी एकटेपण गेलेले नाही. आधार खात्याला जोडलेले नाही, दाखल्यावर नाव वेगळ्या तऱ्हेने लिहिले आहे, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली आहे, अर्ज कॉलेजच्याच पातळीवर पडून आहे, अशा क्षुल्लक कारणांनी मुले आजही अडतात. फरक इतकाच की आता ती मोबाइलकडे बघत एकटी बसतात.

नेतृत्वाचा पहिला धडा इथूनच सुरू करता येईल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पाच-सात शिष्यवृत्तीधारकांनी नव्या मुलांसाठी मदत कक्ष चालवायचा. प्रत्येकाकडे दहा नवे विद्यार्थी. एक वही ठेवायची : कुणाचा अर्ज कुठे अडला, कशामुळे, कोणत्या तारखेला. महिन्यातून एकदा ही वही घेऊन दोघांनी प्राचार्यांना भेटायचे. त्यात एक नियम असावा, दर खेपेला भेटायला जाणारे दोघे वेगळे. याला खर्च काही नाही. पण कागदपत्र नीट वाचणे, मोठ्या माणसासमोर नम्रपणे पण ठामपणे बोलणे, दुसऱ्याची गुप्त गोष्ट गुप्त ठेवणे, हे सारे यात येते.

दुसरे साधन राष्ट्रीय सेवा योजना. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ती ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि सात दिवसांच्या शिबिरात राहायचे, अशी तिची रचना रूढ झाली. पुष्कळ मुले प्रमाणपत्रासाठी ती उरकतात. पण शिबिराची आखणी प्राध्यापकांनी हातात न ठेवता मुलांकडे सोपवली तर? गावात आधी कोणी जायचे, सरपंचांशी काय बोलायचे, पाण्याची सोय, स्वयंपाकाची पाळी, आजारी पडलेल्याची व्यवस्था. एक शिबिर पार पाडलेला मुलगा आयुष्यात कुठल्याही कचेरीत गांगरत नाही.

तिसरी गोष्ट बोलण्याची. त्यासाठी आठवड्यातून एक तास, आठ-दहा जणांचा गट आणि एक विषय पुरतो. प्रत्येकाने तीन मिनिटे बोलायचे, आणि सुरुवातीला ज्याने त्याने आपल्या भाषेत. विचार मांडायची भीती आधी जाऊ द्या, इंग्रजीची भीती मागाहून जाईल. दोन्ही भीती एकदम अंगावर घेतल्या की मुलगा कायमचा मुका होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक सांगायला हवे. स्नेहसंमेलन आले की मुलींकडे रांगोळी आणि स्वागत, मुलांकडे पैसे आणि परवानग्या, अशी वाटणी आपोआप होते. शिक्षकांनी ती जाणीवपूर्वक उलटी करावी. मी एका वर्षी जमाखर्चाचे काम दोन मुलींकडे दिले. त्यांनी पहिल्याच दिवशी मंडपवाल्याकडून तीन ठिकाणचे दर मागवले. तोवर हे कुणाला सुचले नव्हते.

पालकांनो, एवढे करा

मुलगा किंवा मुलगी सुट्टीत घरी आली की ‘‘किती मार्क पडले?’’ हा प्रश्न आपण विचारतोच. त्याच्या जोडीला आणखी एक विचारा : ‘‘यंदा तुझ्याकडे कुठलं काम दिलंय?’’ उत्तर नसेल तर पुढच्या सत्रात एखादे लहान काम मागून घ्यायला सांगा. ग्रंथालयाची वही, खेळाचे साहित्य, वर्गाची सहल, काहीही चालेल.

घरातला एखादा खरा व्यवहार त्यांच्यावर सोपवा. बँकेतले काम, शेतीच्या कर्जाचे कागद, धाकट्या भावंडाचा प्रवेश. तुम्ही बरोबर जा, पण बोलू त्यांना द्या.

काम अंगावर घेऊन ते बिघडले तर ‘‘तरी सांगत होतो,’’ असे म्हणू नका. चुकीचा हिशेब स्वतः उलगडून सांगितल्याशिवाय माणूस मोठा होत नाही. अभ्यास बुडेल ही भीती रास्त आहे. म्हणून एका वेळी एकच काम, आठवड्यातले ठरावीक तास आणि परीक्षेच्या महिन्यात सुट्टी, असे आधीच ठरवून घ्यावे. आणि पुढाकार म्हणजे दादागिरी नव्हे, हेही मुलांच्या कानावर घाला. ज्याला आपली वही सर्वांसमोर उघडता येत नाही त्याने लोकांच्या पैशाला हात लावू नये, एवढी कसोटी पुरेशी आहे.

ज्या संस्था, ट्रस्ट किंवा व्यक्ती शिष्यवृत्ती देतात त्यांनाही एक विनंती. वर्षातून एकदा समारंभ करून, धनादेश हातात देऊन, फोटो काढून मुलांना परत पाठवू नका. समारंभाची आखणीच मागच्या वर्षीच्या मुलांकडे द्या. नव्या अर्जदारांच्या घरी भेट द्यायला जाल तेव्हा जुन्या शिष्यवृत्तीधारकाला बरोबर न्या. कुणाला मदत मिळावी यावर त्याचे मत विचारा. कालपर्यंत घेणारा हात देणाऱ्यांच्या शेजारी बसला की त्याचे सारे चालणे-बोलणेच बदलते.

काही वर्षांपूर्वी मी मित्राच्या गावी गेलो होतो. तो शेती करतो, सुखी आहे. त्याची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात शिष्यवृत्तीवर शिकत होती. चहा घेताना ती सांगत होती की तिच्या वर्गातल्या अकरा मुलींचे अर्ज अडले होते, म्हणून त्या सगळ्या मिळून प्राचार्यांना भेटल्या आणि काम झाले. तिला त्यात विशेष काही वाटत नव्हते. मित्र माझ्याकडे बघत होता. ती खिडकी आम्हा दोघांनाही आठवत होती. पण त्या पोरीला तिच्याबद्दल आम्ही काही सांगितले नाही.